साइडलाइनवरून माइककडे: फुटबॉल प्रशिक्षकाने टीव्हीचं काम कसं शिकावं, कसं मिळवावं

माझ्या पहिल्याच थेट सामन्यात माझ्या तोंडून निघालं, "अरे मार्क कर ना त्याला!" मैदानावर ते कुणालाच ऐकू गेलं नाही, घरोघरी मात्र गेलं. शेजारी बसलेल्या मुख्य समालोचकाला हसू आवरेना, आणि कानात निर्मात्याचा आवाज आला, "सर, आपण आता कोच नाही." नाशिकमध्ये इतकी वर्षं शाळेच्या पोरांना फुटबॉल शिकवून घसा बसवलेला माणूस मी. ती सवय एका हेडफोनने जाणार थोडीच!

माझ्यासारखे बरेच जण आता विचारतात, सर, मैदान सुटलं, गुडघे गेले, टीव्हीवर बोलायचं काम मिळेल का? मिळतं. पण प्रशिक्षक बोलतो ते पुढचं काही घडावं म्हणून, आणि टीव्हीवरचा तज्ज्ञ बोलतो ते नुकतं घडलेलं का घडलं हे सांगायला. तेही अशा लोकांना, ज्यांच्या हातात काहीच नसतं. ज्ञान तेच असतं, बोलण्याची दिशा मात्र उलटी. बाकी सगळं याच्यामागून येतं.

आधी खुर्ची ठरवा

समालोचनाच्या बॉक्समध्ये दोन खुर्च्या असतात. मुख्य समालोचक चेंडूबरोबर पळतो: कोणी घेतला, कोणाला दिला, गोल कोणाचा. तज्ज्ञ समालोचक चेंडू थांबला की बोलतो: हे झालं कसं. तिसरं काम स्टुडिओतल्या विश्लेषकाचं, सामन्याआधी, मध्यंतरात आणि नंतर. चौथं मैदानालगत उभं राहून मुलाखती घेण्याचं. पडद्यामागची कामंही असतात, उदाहरणार्थ समालोचकाला खेळाडू ओळखून देणारा स्पॉटर, किंवा घडामोडींची नोंद ठेवणारा. प्रशिक्षकाने दुसऱ्या खुर्चीवर डोळा ठेवावा. पहिल्या खुर्चीला आवाजाची, वेगाची वेगळीच तालीम लागते. वयाच्या पन्नाशीत ती सुरू करण्यात अर्थ नाही असं माझं मत. पडद्यामागचं काम आलं तर मात्र कमीपणा मानू नका. मी दोन स्पर्धा स्पॉटर म्हणून काढल्या आणि माइकशिवाय बसल्यामुळे जास्त शिकलो.

हा रस्ता नवा नाही. इंग्लंडात प्रशिक्षक जिमी हिल यांनी १९६७ मध्ये कॉव्हेंट्री सिटी क्लबला पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या साखळीत नेलं आणि त्याच वर्षी क्लब सोडून टीव्हीची वाट धरली. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो चेंडू बगलेत मारून पळायचा खेळ, पण तिथलंही उदाहरण आपल्या कामाचं आहे. जॉन मॅडन १९६९ ते १९७८ ओकलंड रेडर्सचे मुख्य प्रशिक्षक होते, जानेवारी १९७७ मध्ये सुपर बोल, म्हणजे तिथली अंतिम लढत, जिंकले, ४२ व्या वर्षी प्रशिक्षण सोडलं आणि पुढे २००९ पर्यंत टीव्हीवर बोलत राहिले. थांबलेल्या चित्रावर पेनाने रेघा ओढून कोण कुठून पळालं हे ते दाखवायचे. आपण फळ्यावर खडूने करतो तेच.

उलट्या दिशेचं उदाहरणही लक्षात ठेवा. टीव्हीवर उत्तम विश्लेषण करणारे गॅरी नेव्हिल डिसेंबर २०१५ मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सिया क्लबचे प्रशिक्षक झाले आणि मार्च २०१६ मध्ये बाहेर पडले. समजावून सांगणं वेगळं आणि करून घेणं वेगळं. तेव्हा "मी इतके कप जिंकलोय" हे टीव्हीवाल्यांना सांगून उपयोग नाही.

आज्ञार्थ मोडायचा

पहिला आठवडा एवढंच करा. सरावाच्या वेळी मोबाइल खिशात चालू ठेवा आणि रात्री स्वतःचा आवाज ऐका. "वर ये", "सोड", "उघड", "लाइन धर", "बघ ना मागे!" जवळजवळ प्रत्येक क्रियापद आज्ञार्थी निघेल. आता वही घेऊन त्यातली वीस वाक्यं टीव्हीच्या भाषेत लिहून काढा.

"लाइन धर!" याचं होईल: "तिघे बॅक एका रेषेत आहेत, चौथा दोन पावलं मागे राहिलाय, म्हणून ऑफसाइड मिळाला नाही."

"उघड!" याचं: "त्याने चेंडू यायच्या आधीच अंग वळवून ठेवलं, म्हणून पहिल्याच स्पर्शात समोरचं मैदान मोकळं."

दुसऱ्या वाक्यात कारण आहे, आणि ते डोळ्यांनी तपासता येतं. प्रेक्षक रिप्ले बघताना तो चौथा बॅक शोधतो, त्याला तो सापडतो, आणि तुमच्यावर विश्वास बसतो. "बचाव ढिसाळ होता" म्हटल्यावर बघणाऱ्याला काहीच सापडत नाही. "हवं तेवढं झोकून दिलं नाही", "जिद्द कमी पडली" ही वाक्यं तर मी वहीच्या शेवटच्या पानावर लाल शाईने लिहून ठेवली आहेत. ती आली की समजायचं, आपण सामना बघत नव्हतो.

दहा सेकंदांचा खेळ

आपले कान क्रिकेटवर वाढलेत. बाळ ज. पंडितांची आकाशवाणीवरची मराठी कॉमेंट्री ऐकलेली पिढी अजून गावात आहे, आणि गोल्फ क्लब मैदानावर रणजीचा सामना असला की नाशिककर कामं टाकून जातात. क्रिकेटमध्ये दर चेंडूनंतर श्वास घ्यायला जागा असते, षटक संपलं की जाहिरात. फुटबॉलमध्ये ४५ मिनिटं सलग. तज्ज्ञाला मिळतो तो थ्रो-इन, कॉर्नर, गोल किक, एखादी दुखापत, आणि रिप्ले. साधारण आठ-दहा सेकंद. किस्सा सुरू केलात तर मधेच गोल होतो आणि किस्सा तसाच लोंबकळत राहतो.

इथे मराठीची एक गंमत आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. "उजव्या बगलेतून आलेल्या चेंडूवर नऊ नंबरच्या खेळाडूने डोक्याने..." इथपर्यंत येता येता चेंडू गोलरक्षकाच्या हातात असतो. मुख्य समालोचक म्हणूनच क्रियापद टाकून देतात: "उजवी बगल... आत... डोकं... वरून बाहेर!" तज्ज्ञाला पूर्ण वाक्य बोलता येतं, पण लांब नाही. माझी युक्ती अशी की पहिला शब्द जागेचा किंवा माणसाचा: "चार नंबर बघा." लोकांची नजर तिकडे गेली की मग कारण: "चेंडूकडे बघतोय, माणसाकडे पाठ." संपलं. सात शब्दांत.

घरी सराव असा करा: कुठलाही सामना आवाज बंद करून लावा आणि फक्त रिप्लेवर बोला. बाकी वेळ गप्प. दहा मिनिटं रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी पडद्याकडे न बघता, भाजी निवडता निवडता ऐका. जिथे स्वतःलाच कंटाळा येईल तिथे खूण करा. महिनाभर हे केलं तर फरक कळतो. पत्नीला किंवा मुलीला ऐकवा, पण फुटबॉल न कळणाऱ्या कुणाला तरी नक्की ऐकवा. माझ्या आईने विचारलं होतं, "हाय प्रेस म्हणजे काय रे, कुठला छापखाना?" तेव्हापासून मी "समोरच्याच्या अंगणात जाऊन चेंडू हिसकावणं" म्हणतो.

शब्दांचा प्रश्न मात्र तेवढ्यावर सुटत नाही. वर्तमानपत्री मराठी एका टोकाला: आघाडीवीर, मध्यरक्षक, गोलजाळे. मैदानावरची दुसऱ्या: स्टॉपर, बॅक, विंग, ट्रॅप. पूर्वार्ध, उत्तरार्ध, बरोबरी, गोलरक्षक, मधली फळी हे शब्द तोंडात बसतात, ते वापरा. कॉर्नरला कोपऱ्यावरची लाथ म्हणायच्या फंदात पडू नका, कोल्हापूरचा प्रेक्षक हसून लोळेल. खेळाडूंना एकेरी बोलायचं की आदरार्थी, तेही आधी मुख्य समालोचकाबरोबर ठरवून घ्या. अर्ध्या वाक्यात "त्याने" आणि अर्ध्यात "त्यांनी" फार वाईट वाटतं. मुलींच्या सामन्यात "खेळला" निघून जाणं हीसुद्धा आपल्या पिढीची खोड. मी कागदाच्या वर मोठ्या अक्षरात "ती" लिहून ठेवतो.

नियमांचं पुस्तक पुन्हा उघडा

नियम एकूण १७. प्रत्येक प्रशिक्षकाला वाटतं आपल्याला पाठ आहेत. पण ते दरवर्षी थोडे बदलतात आणि आपण शिकलो त्या सालावर अडकून बसतो. २०२५-२६ च्या हंगामापासून गोलरक्षकाने चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. शेवटची पाच सेकंदं पंच हात वर करून मोजतो. पूर्वी सहा सेकंद आणि इनडायरेक्ट फ्री किक होती, तीही क्वचितच कुणी द्यायचं. हे माहीत नसेल तर पंचाचा वर गेलेला हात बघून तुम्ही भलतंच बोलाल. नियम ११, म्हणजे ऑफसाइड, आणि नियम १२ मधला हँडबॉलचा भाग दर जुलैत वाचायचाच.

जिमी हिल यांचाच किस्सा. सप्टेंबर १९७२ मध्ये हायबरीवर आर्सेनल आणि लिव्हरपूलच्या सामन्यात लाइन्समन जखमी झाला. प्रेक्षकांत कुणी पंच आहे का, अशी घोषणा झाली. टीव्हीवरचा हा माणूस रीतसर पात्र पंच होता. ट्रॅकसूट घालून झेंडा घेऊन उभा राहिला. तुम्ही जिल्हा पातळीची पंच परीक्षा दिली नसेल तर द्या. प्रशिक्षकाचा डी, सी, बी जो परवाना असेल त्याच्या शेजारी ती ओळ अर्जात चांगली दिसते, आणि पंचांवर बोलताना जिभेला लगाम बसतो.

नाशिकमध्ये सराव कुठे करायचा

इथे फुटबॉल पावसाळ्यात फुलतो. सुब्रतो मुखर्जी चषकाचे शालेय सामने, जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या स्पर्धा, सगळं चिखलात. पंचवटीतलं मीनाताई ठाकरे स्टेडियम, शाळांची मैदानं, देवळाली कॅम्पकडचे सामने. यातल्या एका स्पर्धेच्या आयोजकांना भेटा आणि म्हणा, मी फुकट थेट प्रक्षेपण करून देतो. कुणी नाही म्हणत नाही. पण परवानगी कागदावर घ्या, आणि खेळाडू लहान असतील तर शाळेमार्फत पालकांची संमतीही.

सामान फार लागत नाही. एक चांगला मोबाइल, ट्रायपॉड, तोंडाजवळ माइक असलेला साधा यूएसबी हेडसेट, लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओ हे प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर, जे मोफत मिळतं. कॅमेरा मध्यरेषेवर आणि उंचावर. शाळेच्या पहिल्या मजल्याची गॅलरी सर्वांत उत्तम. गोलमागे उभं राहून घेतलेलं चित्र आईबापांना आवडतं, पण त्यात रचना दिसत नाही आणि तुम्हाला बोलायला काही उरत नाही. मोबाइलवरून यूट्यूबवर थेट जायचं तर किमान ५० सबस्क्रायबर लागतात, आणि लाइव्ह पहिल्यांदा सुरू करताना २४ तास थांबावं लागू शकतं, म्हणून स्पर्धेच्या सकाळी हे करायला बसू नका. मोबाइलला प्लास्टिकची पिशवी हवीच.

प्रीमियर लीगचे किंवा आयएसएलचे (इंडियन सुपर लीगचे) तुकडे उचलून त्यावर आपला आवाज लावून टाकू नका. तुमची यूट्यूब वाहिनी बंद पडते, आणि ज्यांच्याकडे काम मागायला जायचं त्यांचाच माल चोरलेला दिसतो.

आणखी एक. प्रेक्षक जरा वाढले की सट्ट्याच्या अ‍ॅपवाले जाहिरात घेऊन येतात, पैसेही बरे देतात. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. सरळ नाही म्हणा.

पोरांच्या चुका सांगताना हात आखडता घ्या. १७ वर्षांखालच्या गोलरक्षकाच्या हातून चेंडू सुटला तर "ओला चेंडू, हात पसरलेले, छाती चेंडूमागे आली नाही" एवढं पुरे. ती क्लिप सोमवारी त्याच्या वर्गात फिरते.

सामन्याचा कागद

मी चित्रकलेचा मोठा कागद वापरतो. मध्ये मैदान, दोन्ही संघांची रचना, नंबर ठळक, नाव देवनागरीत आणि जसं उच्चारायचं तसं. मिझोराम-मणिपूरच्या नावांची तर आधी संघाच्या माध्यम व्यवस्थापकाकडून म्हणवून घ्या. ल्हासारखा उच्चार रोमन अक्षरांवरून कळत नाही. प्रत्येक नावाखाली एकच ओळ. पेन्सिलनेच, कारण ऐनवेळी अकरा बदलतात. उजव्या बाजूला एक रिकामी पट्टी सोडा, तिथे घड्याळ: "१७ः४० डावा बॅक आत आला, विंग मोकळी." मध्यंतरात निर्मात्याला हीच वेळ सांगितली की रिप्ले चालवणारा तो प्रसंग काढून देतो, आणि स्टुडिओत तुमच्या बोलण्याला चित्र मिळतं. वेळ न सांगता "तो मगाचचा अटॅक" म्हणालात तर त्या माणसाने काय शोधायचं?

हे सगळं सामन्याचं चित्रीकरण तुमचीच कंपनी करत असेल तर. हल्ली बरंच काम मैदानावर न जाता होतं: सामना गोव्यात किंवा इंग्लंडात, तुम्ही मुंबईतल्या स्टुडिओत पडद्यासमोर. तेव्हा चित्र दुसऱ्याने निवडलेलं असतं. चेंडूपासून लांबचा खेळ दिसत नाही, रिप्लेही मागता येत नाही. न दिसलेल्यावर बोलू नका, एवढाच उपाय.

हेडफोन चढवल्यावर

कानात एकाच वेळी तीन गोष्टी येतात: मैदानाचा आवाज, सहकाऱ्याचा, आणि नियंत्रण कक्षातून निर्मात्याचा. समोर दोन बटणं असतात. खोकल्याचं बटण दाबलं की माइक तेवढ्यापुरता बंद होतो; दुसरं दाबलं की तुमचं बोलणं फक्त निर्मात्याला जातं. मी सुरुवातीला निर्मात्याने काही सांगितलं की हवेतच "हो हो, सांगतो" म्हणायचो. घरच्यांना वाटलं मी स्वतःशी बोलायला लागलोय. याचा सराव सोपा आहे. एका कानात बातम्या लावा आणि त्याच वेळी कुणाला तरी पोह्यांची कृती सांगा.

सहकाऱ्याला हाताने खूण करायची: मला बोलायचंय म्हणजे बोट वर. गोल झाला की पहिली ओरड त्याची, ती तोडायची नाही. जाळं हललं आणि तो थांबला की थोडा वेळ कुणीच बोलू नये, लोकांचा आवाज ऐकू द्यावा. मग रिप्ले आला की तुम्ही.

स्टुडिओत बारीक चौकटीचा किंवा बारीक रेघांचा शर्ट नको, कॅमेऱ्यात तो थरथरतो. मागे हिरवा पडदा असेल तर हिरवा रंगही नको. पाणी कोमट. आणि सकाळी मिसळ खाऊन दुपारी माइकसमोर बसू नका. नाशिककराला हे सांगणं म्हणजे पाप आहे, पण करपट ढेकर माइकला बरोबर सापडतो.

दार कुठलं ठोठवायचं

तीन मिनिटांपेक्षा लहान क्लिप तयार करा. पहिल्या वीस सेकंदांत तुमचा सर्वांत चांगला रिप्ले, नाव-गाव-सत्कार नाही. मग एक गोल, सहकाऱ्यासकट. मग कॅमेऱ्याकडे बघून एक मिनिट, फळ्यावर एक डावपेच. कुठल्या भाषांत बोलता ते लिहा. हिंदी चांगली असेल तर ठळक लिहा, कारण फुटबॉलचं मराठी काम थोडं आहे आणि हिंदीचं त्याहून बरंच जास्त. ही क्लिप कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे पाठवली तर तिथेच राहते. सामना संपल्यावर पडद्यावर येणाऱ्या नावांत निर्माता आणि निर्मिती संस्था कोण ते बघा, त्यांना पाठवा.

आकाशवाणीच्या नैमित्तिक निवेदकांच्या आवाज चाचण्या निघतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा. ते काम फुटबॉलचं नसतं, पण उच्चार घासून मिळतात. आणि कोल्हापूरला एक हंगाम जाऊन या. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळ आणि दिलबहारसारख्या संघांचा सामना भरला की मराठीत फुटबॉल कसा बोलला जातो ते गॅलरीतच ऐकू येतं. पाहुणा म्हणून माइक मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी वही भरते.

परवानगी, पैसे, प्रवास

शाळेत नोकरीवर असाल तर संस्थेची लेखी परवानगी आधी घ्या, सुट्टीच्या दिवशी करणार असलात तरी. एखाद्या क्लबशी अजून संबंध असेल तर त्यांच्या सामन्यावर बोलण्याआधी निर्मात्याला सांगा. लपवलेलं नंतर उघडं पडतंच.

मानधन सामन्यामागे ठरतं. प्रवास, मुक्काम, सामना रद्द झाला तर काय, आणि पैसे किती दिवसांत, हे चारही ईमेलवर लिहून घ्या. माझं एका ठिकाणचं मानधन सात महिने अडकलं, कारण सगळं फोनवर ठरलं होतं. व्यावसायिक शुल्क म्हणून रकमेतून १० टक्के टीडीएस कापला जातो, तो विवरणपत्रात दाखवून हिशेबात धरता येतो. पॅन आणि बिलाचा नमुना तयार ठेवा. शिकवणी वर्ग, अकादमी यातलं काही बंद करू नका. महिन्याला दोन सामने मिळाले तर तो चांगला महिना.

प्रवासाचं गणित सामन्याच्या वेळेवर असतं. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणं सोपं. संध्याकाळी ७ः३० चा सामना असेल तर स्टुडिओतून सुटायला दहा-साडेदहा होतात, मग रात्रीची गाडी आणि कसाऱ्याचा घाट. चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने हिवाळ्यात आपल्याकडे रात्री १ः३० ला सुरू होतात. तिथे मुक्कामाशिवाय होकार देऊ नका. मॅडन विमानाला घाबरायचे, म्हणून देशभर सामन्यांना आधी रेल्वेने आणि मग स्वतःच्या मोठ्या बसने फिरायचे, आणि वाटेत पुढच्या संघांचे सामने बघायचे. आपल्याला ती बस नाही. पण नाशिकरोड ते कल्याणमध्ये कागद पूर्ण भरून होतो, फक्त खिडकीजवळची जागा आणि दोन पेन्सिली हव्यात, कारण घाटात एक तरी खाली पडतेच.